हळद, ब्राह्मी आणि स्मृतिभ्रंश: कुणाची मात्रा चालते?

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या फ्रिजवर औषधांचा स्टीलचा डबा असतो. त्यात गेल्या काही महिन्यांत चार नव्या बाटल्या आल्या आहेत. हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल, ब्राह्मीचा अर्क, अश्वगंधा आणि परदेशातल्या मुलाने पाठवलेलं गिंको, म्हणजे त्याच नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. काकांना दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. डॉक्टरांनी त्यांना अंगाला चिकटवायची औषधाची पट्टी दिली आहे, पण ती काकूंच्या मनातून उतरत चालली आहे. परवा दारातच मला म्हणाल्या, "ती पट्टी म्हणजे शेवटी केमिकलच ना रे. हे बघ, हे सगळं झाडपाल्याचं आहे."

गंमत अशी, की त्या पट्टीतल्या औषधाचं कूळ शोधत गेलं तर ते आफ्रिकेतल्या एका वेलीच्या बीपर्यंत पोचतं. हे दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हा लेख.

काकूंचा तरी दोष काय? "अमुक वनस्पतीतल्या घटकाने अल्झायमरवर मात" अशी बातमी दर पंधरा दिवसांनी फोनवर येऊन पडते. २०२५ मध्ये रोझमेरीची पाळी होती. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेने रोझमेरीत सापडणाऱ्या कार्नोसिक आम्लाचं एक टिकाऊ रूप प्रयोगशाळेत तयार केलं, ते उंदरांना दिलं आणि उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. बातमी खोटी नव्हती. पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत "प्रयोगशाळेत तयार केलं" आणि "उंदरांना" हे दोन्ही शब्द गळून पडले होते.

आधी आजार समजून घेऊ

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हे लक्षणांचं नाव आहे, जसं ताप हे. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडनेही येतो. तसा स्मृतिभ्रंशही बऱ्याच कारणांनी होतो आणि त्यातलं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सात-साडेसात जणांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं.

१९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांकडे ऑगस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची बाई आली. तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर ते अर्ध्यावरच विसरायची. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमरनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर गाठीगाठींनी साचलेला थर आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. थर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा असतो, तर गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा. पाणी तापवायच्या बंबात आतून क्षार धरत जातो तसा हा थर धरतो. बंबाचा क्षार जसा पाणी तापेनासं होईपर्यंत कळत नाही, तसंच इथेही होतं. विसरणं लक्षात येण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच थर धरायला सुरुवात झालेली असते.

हा कालावधी ध्यानात असू द्या. पुष्कळशी औषधं याच ठिकाणी हरतात, मग ती झाडाची असोत की कारखान्यातली.

बोळातला निरोप आणि धोत्र्याचं फळ

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये अगदी अरुंद बोळ असतो. जुन्या वाड्यांमध्ये समोरासमोरच्या खिडक्यांतून चिठ्ठ्या फेकायचे, तशी एक पेशी रसायनाची चिठ्ठी टाकते आणि समोरची ती झेलते. आठवण आणि लक्ष यांच्याशी संबंध असलेल्या एका महत्त्वाच्या चिठ्ठीचं नाव असेटिलकोलिन. निरोप पोचला की बोळ साफ व्हायला हवा, नाहीतर जुन्या-नव्या चिठ्ठ्यांची गल्लत होईल. त्यासाठी बोळात एक विकर, म्हणजे एन्झाइम, तैनात असतं. ते क्षणार्धात चिठ्ठ्या फाडून टाकतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, आपण त्याला झाडूवाला म्हणू.

ही व्यवस्था बिघडली की काय होतं, ते खेड्यापाड्यांतल्या लोकांनी कधीचं पाहिलेलं आहे. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात त्या धोत्र्याच्या काटेरी फळातल्या बिया कुणी खाल्ल्या, तर बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, माणूस असंबद्ध बडबडतो, हवेतल्या न दिसणाऱ्या वस्तू वेचत बसतो. शुद्धीवर आल्यावर त्याला यातलं बहुतेक काही आठवत नाही. धोत्र्यातली अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्यं समोरच्या खिडकीत ठाण मांडून बसतात. चिठ्ठी येते, पण झेलणार कोण?

१९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांच्या ध्यानात आलं, की अल्झायमरच्या मेंदूत चिठ्ठ्या लिहिणाऱ्या पेशीच कमी होत जातात. लिहिणारे वाढवता येत नाहीत. मग निदान झाडूवाल्याला तरी "जरा सावकाश" म्हणता येईल का? आहेत तेवढ्या चिठ्ठ्या बोळात थोडा जास्त वेळ राहतील आणि एखादी पोचेल.

हे काम करणारी द्रव्यं झाडांकडे आधीपासूनच होती. अर्थात आपली आठवण राहावी म्हणून नव्हे. पानं-बिया कुरतडणाऱ्या किड्यांच्या शरीरातही असेच बोळ असतात आणि झाडूवाला पार थांबला की किडा मरतो. आपली बरीचशी कीटकनाशकं याच तत्त्वावर चालतात.

विषाची बी आणि बर्फातलं फूल

आजच्या नायजेरियात कालाबार नावाचं गाव आहे. तिथल्या एफिक लोकांमध्ये एखाद्यावर चेटूक केल्याचा आळ आला, की त्याला एका वेलीच्या बिया खायला लावत. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. १८५५ मध्ये एडिंबराचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी कुतूहलापोटी त्या बीचा तुकडा स्वतःच खाल्ला आणि ते बरेच आजारी पडले. पुढे त्या बीतून फायसोस्टिग्मीन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते झाडूवाल्याला अडवतं, म्हणूनच ते धोत्र्याच्या विषबाधेवर उताराही ठरलं. १९३५ मध्ये पर्सी ज्यूलियन या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत संपूर्ण बनवून दाखवलं. ज्यूलियनचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मले होते.

पण फायसोस्टिग्मीनचा परिणाम झटकन ओसरतो आणि मळमळ, उलट्या, मंद नाडी हे त्रास फार होतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा मूळ आराखडा ठेवून रेणूत फेरफार केले. त्यातून रिव्हास्टिग्मीन निघालं. इस्रायलमधल्या मार्ता वाइनस्टॉक यांच्या कामातून आलेल्या या औषधाला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. काकांच्या अंगावरची पट्टी ती हीच.

दुसरी गोष्ट स्नोड्रॉपची. पूर्व युरोपात बर्फ वितळता वितळता डोकं वर काढणारं हे पांढरं फूल. त्याच्या कंदातून १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी गॅलँटामीन वेगळं केलं. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचं औषध केलं आणि ते आधी पोलिओनंतरच्या लुळेपणावर वापरलं गेलं. अल्झायमरसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २००१ मध्ये. हे काही झाडावरून बेतलेलं औषध नाही, झाडातला रेणूच जसाच्या तसा आहे. आता तो कारखान्यातही बनतो, आणि वेल्सच्या डोंगराळ भागात त्यासाठी, हाच रेणू असलेल्या डॅफोडिल या फुलझाडाची शेतीही होते. मात्र त्याच डॅफोडिलचा कंद कांदा समजून कुणी चिरून खाल्ला, तर दवाखाना गाठावा लागतो.

म्हणजे जगभर दिल्या जाणाऱ्या अल्झायमरच्या मोजक्या औषधांपैकी एक थेट झाडातून आलं आणि एक झाडातल्या रेणूवर बेतलं. "झाडपाल्यात औषध असतं का" हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. असतं. खरे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत. कुठला रेणू, किती मात्रा, तो मेंदूपर्यंत पोचतो का, आणि माणसांना देऊन पाहिलं का?

मग या औषधांनी माणूस बरा होतो का?

नाही. लेख वाचताना आशा लागली असेल तर ती इथेच थोडी आवरलेली बरी. स्मरणशक्ती आणि आकलन मोजणारी ७० गुणांची एक चाचणी असते. सहा महिने ही औषधं घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्यात तिथे सरासरी पावणेतीन गुणांचा फरक पडतो. घरच्या भाषेत सांगायचं तर काही जणांच्या बाबतीत नातवाचं नाव आणखी काही महिने टिकतं, आंघोळ स्वतःची स्वतः होते. काहींना काहीच फरक जाणवत नाही. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या पेशी कमी होतच राहतात, त्यामुळे झाडूवाल्याला कितीही सावकाश केलं तरी एक दिवस बोळ रिकामाच राहतो. आपल्याकडे खूप दिलं जाणारं डोनेपेझिल याच गटातलं, पण ते पूर्णपणे माणसाने रचलेलं आहे. परिणाम जवळपास तेवढाच. झाडाचं म्हणून जास्त नाही आणि कारखान्याचं म्हणून कमी नाही.

अमायलॉइडचा थर खरवडणारी नवी इंजेक्शनंही आली आहेत. त्यांतल्या लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. त्याने आजाराचा वेग दीड वर्षांत सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, पण तोही आजार अगदी सुरुवातीला असलेल्यांमध्येच, आणि काहींच्या मेंदूला सूज आली, काहींना रक्तस्राव झाला. इतका खर्च, इतकी जोखीम आणि हाती एवढंच, म्हटल्यावर माणूस हळदीच्या डब्याकडे वळतो. मला ते अगदी समजतं.

हळदीचं काय?

हळदीवरचा विश्वास तीन खांबांवर उभा आहे. एकेक तपासू.

पहिला खांब हरियाणातला. दिल्लीजवळच्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून एक अभ्यास केला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढच्या हजार माणसांत वर्षाला अल्झायमरचे ४.७ नवे रुग्ण. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका खोऱ्यात हाच आकडा १७.५. लगेच निष्कर्ष निघाला, की भारतीय हळद खातात म्हणून वाचतात. त्या अभ्यासात हळद मोजलेलीच नव्हती! अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एका जनुकाचं प्रमाण त्या खेड्यांत कमी होतं, लोकांचं आयुर्मान कमी होतं, पाठपुरावा थोड्याच काळाचा होता. शिवाय हळद तर आपण सगळेच खातो. वर सांगितलेल्या ८८ लाखांनी आयुष्यभर बिनहळदीची आमटी खाल्ली होती असं म्हणायचं का?

दुसरा खांब उंदरांचा. त्याच वर्षी, २००१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मानवी जनुक घातलेल्या उंदरांना हळदीतलं पिवळं द्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, खाऊ घातलं. त्यांच्या मेंदूतला अमायलॉइड कमी झाला. निकाल चांगला होता आणि त्यानंतर शेकडो प्रयोगांची रांग लागली. परीक्षानळीत तर कर्क्युमिन जवळपास सगळ्याच चाचण्यांत पास होतं. अमायलॉइडला चिकटतं, सूज घटवतं, कर्करोगाच्या पेशी मारतं, काय म्हणाल ते करतं. अनुभवी रसायनशास्त्रज्ञाला शंका येते ती नेमकी इथे. साहेब म्हणतील त्याला मान डोलावणारा होयबा प्रत्येक कार्यालयात असतो. कर्क्युमिन हा रेणूंमधला होयबा आहे. ते स्वतः चमकतं, धातूंना पकडतं, नाही नाही त्या प्रथिनांना चिकटतं आणि पाण्यात काही मिनिटांतच मोडायला लागतं. त्यामुळे चाचणीचं उत्तर "हो" आलं तरी ते खऱ्या परिणामामुळे आलं की या चाळ्यांमुळे, हे सांगता येत नाही. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात याचा सविस्तर पंचनामा झाला. माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्यांकडे बोट दाखवून लेखकांनी म्हटलं, की त्यांतली एकही नीट आखलेली, आंधळी चाचणी यशस्वी झालेली नाही. आंधळी म्हणजे खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला, हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही.

तिसरा खांब माणसांवरच्या चाचण्यांचा, आणि तो सर्वांत बारीक आहे. २०१२ मधल्या एका अमेरिकी चाचणीत अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन किंवा खोटी गोळी दिली. फरक पडला नाही. रक्तात पाहिलं तर कर्क्युमिन जेमतेम सापडलं. याच्या उलट, २०१८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० जणांना शोषणाला सोपं केलेलं कर्क्युमिन रोज १८० मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी दीड वर्ष दिली, आणि कर्क्युमिन घेणाऱ्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. हा निकाल मी उडवून लावणार नाही. पण चाळीस माणसं म्हणजे एसटीच्या एका गाडीतले प्रवासी. त्यांच्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज बांधायचा नसतो.

आता घरचा हिशेब. साध्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. मेघालयातल्या लाकाडोंगच्या हळदीत ते ७ टक्क्यांच्या आसपास जातं. तुमची हळद हरिपूरच्या पेवातून निघालेली अस्सल सांगलीची असली, तरी वर सांगितलेल्या फसलेल्या चाचणीतले २ ग्रॅम गाठायला रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. रात्रीच्या दुधातल्या चमचाभराने ते साधत नाही. (हळदीचं दूध पिऊ नका असं म्हणत नाहीये. मीही पितो, घसा बसल्यावर.)

"मिरी घातली की हळद वीसपट शोषली जाते" हे वाक्यही आलं असेल वाचनात. त्याला आधार आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातला हा १९९८ चा प्रयोग. दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पिपरीन दिलं, तर रक्तातलं प्रमाण २,००० टक्क्यांनी वाढलं. पण मुळात जवळजवळ शून्य असलेल्याचं वीसपट किती होणार? शिवाय रक्तात पोचलं म्हणजे मेंदूत पोचलं असं होत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार कडक असतात. नोंदवहीत नाव नसलेल्याला आमचा वॉचमन जसा गेटवरूनच परत पाठवतो, तसं त्या बहुतेक रेणूंना बाहेर ठेवतात.

ब्राह्मी, अश्वगंधा, गिंको

ब्राह्मीबाबत पहिला घोळ नावाचाच आहे. कुंडीत लावलेली, गोल, बेडकाच्या पायासारख्या पानांची मंडूकपर्णी आपल्याकडे ब्राह्मी म्हणून खपते. पाणथळ जागी पसरणारी, लहान जाडसर पानांची नीरब्राह्मीही ब्राह्मीच. वनस्पती वेगळ्या, त्यांतली द्रव्यं वेगळी. संशोधन मुख्यतः नीरब्राह्मीवर झालं आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचा त्यात मोठा वाटा. निरोगी माणसांनी तीनेक महिने घेतल्यावर काही चाचण्यांत आठवणं थोडं सुधारल्याचे छोटे अभ्यास आहेत. परीक्षेला बसलेल्या मुलाचं विसरणं आणि पेशी मरत चाललेल्या मेंदूचं विसरणं एक नाही, एवढं तिथे लक्षात ठेवायचं.

अश्वगंधेची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की अश्वगंधेच्या मुळाचा अर्क महिनाभर दिल्यावर अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांचा अमायलॉइड घटला आणि त्यांची वागणूक सुधारली. कशी? अर्काने काम मेंदूत केलं नाही, यकृतात केलं. यकृतातलं एक प्रथिन वाढलं आणि ते रक्तातला अमायलॉइड ओढून घेऊ लागलं, म्हणून मेंदूतला थर उतरला. घरातलं पाणी उपसण्याऐवजी रस्त्यावरचं तुंबलेलं गटार मोकळं करावं, तसं. कल्पना सुंदर आहे. पण हे झालं ते उंदरांत.

गिंकोचं काम मात्र सोपं आहे, कारण त्याची परीक्षा नीट झाली. अमेरिकेत पंच्याहत्तरीच्या पुढच्या ३,०६९ जणांना सरासरी सहा वर्षं रोज २४० मिलिग्रॅम अर्क किंवा खोटी गोळी दिली. २००८ मध्ये निकाल आला. स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच. फ्रान्समधल्या २,८०० हून जास्त माणसांच्या पाच वर्षांच्या चाचणीनेही २०१२ मध्ये तेच सांगितलं. मुलाने पाठवलेल्या बाटलीवर यातलं काही छापलेलं नसतं.

"पण उंदरांवर तर चाललं ना?"

उंदरांना अल्झायमर होत नाही. त्यांच्यात माणसाची सदोष जनुकं घालून आजाराचा एक भाग, बहुतेकदा अमायलॉइडचा थर, घडवून आणतात. त्यांच्या पेशी आपल्यासारख्या झपाट्याने मरत नाहीत. शिवाय औषध तरुण उंदराला, थर धरण्याच्या सुमारास दिलं जातं. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा थर पंधरा वर्षांचा झालेला असतो.

आता धोत्रा आठवा. वनस्पतींच्या अर्कांवरच्या ढिगभर शोधनिबंधांत उंदराला आधी स्कोपोलामीन टोचून विसराळू करतात, मग अर्क देऊन आठवण परत आली असं दाखवतात. हा प्रयोग स्वस्त आणि झटपट होतो. पण त्या उंदराला आजार नाहीच, त्याला धोत्रा चढला आहे. अर्कात झाडूवाल्याला थोडं थोपवणारं काहीही असलं तरी उतार पडतो. बातमीत मात्र "स्मृतिभ्रंशावर गुणकारी" असं येतं.

"नैसर्गिक आहे, अपाय तरी नाही ना?"

कालाबारची बी नैसर्गिकच होती. हळद मसाला म्हणून निर्धोक आहे, पण कॅप्सूल म्हणजे मसाला नव्हे. त्यात कर्क्युमिन कित्येक पट असतं आणि वर शोषण वाढवलेलं असतं. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियात झाल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये तसा इशारा दिला. अश्वगंधेबद्दलही यकृताच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. प्रमाण कमी आहे, पण काविळीची लक्षणं दिसली की बाटली बंद करून डॉक्टर गाठायचा.

त्याहून नेहमीचा धोका औषधांच्या भांडणाचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना गिंको घेतलं तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. मिरीतलं पिपरीन फिटच्या गोळ्यांसारख्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. "मेमरी" लिहिलेल्या परदेशी गोळ्यांमध्ये कधी हुपरझीन असतं. हे चीनमधल्या एका शेवाळसदृश वनस्पतीतलं द्रव्य, आणि तेही झाडूवाल्यालाच थोपवतं. २०११ च्या अमेरिकी चाचणीत २१० रुग्णांना दिल्यावर ठरवलेल्या मात्रेत उपयोग दिसला नाही. पण डोनेपेझिल किंवा काकांची पट्टी चालू असताना त्यात ही गोळी मिसळली, तर एकाच औषधाची दोन मापं पोटात जातात. नाडी मंदावून माणूस न्हाणीघरात कोसळू शकतो, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपणामुळे पडले.

"कंपन्याच दडपतात, पेटंट मिळत नाही म्हणून"

या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. जे कुणाच्याही परसात उगवतं त्यावर कोट्यवधी रुपयांच्या चाचण्या करायला कंपनी सहसा पुढे येत नाही, हे खरं. हळदीच्या पेटंटचा अनुभव तर आपल्याला ताजाच आहे. जखम भरणाऱ्या हळदीचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाला दिलं होतं. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्या संस्थेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवलं.

पण गॅलँटामीनकडे पाहा. रेणू झाडाचा, माहीत असलेला, तरी त्याचा अल्झायमरवरचा वापर पेटंट झाला आणि कंपन्यांनी तो विकला. जिथे कंपन्या येत नाहीत तिथे सरकारी पैसा येतो. गिंकोची ती मोठी चाचणी अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेच्या पैशाने झाली होती. आणि दडपादडपीचं म्हणाल, तर कर्क्युमिनच्या कॅप्सूल विकणाऱ्याही कंपन्याच आहेत. चाचणी न करताच माल खपत असेल तर ते ती कशाला करतील?

"आयुर्वेदाला हे ठाऊकच होतं"

मेध्य, म्हणजे बुद्धीला हितकर, वनस्पतींची यादी आयुर्वेदात आहे आणि संशोधकही तिथूनच सुरुवात करतात. ती यादी शोध कुठे घ्यायचा ते सांगते, म्हणून मोलाची आहे. पण ऐंशीच्या पुढचं आयुष्य सर्रास झालं आहे ते आत्ता, आणि अमायलॉइडचा थर जिवंतपणी पाहता येऊ लागला तोही याच शतकात. वैद्य रुग्णाची प्रकृती पाहून काढा ठरवतो, बाजारातली बाटली सगळ्यांना एकच कॅप्सूल देते. तिला आयुर्वेद म्हणणं वैद्यांवरही अन्याय आहे.

काकूंच्या डब्याचं काय झालं

चारही बाटल्या आणि पट्टीचं खोकं घेऊन आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काका रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यामुळे गिंको तिथल्या तिथे बंद झालं. कर्क्युमिनबाबत यकृताची तपासणी करून ठरवू म्हणाले. ब्राह्मीवर त्यांनी फारसं मत दिलं नाही, फक्त बाटलीत नक्की कुठली ब्राह्मी आहे ते विचारलं. बाटलीवर ते लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी बी-१२ आणि थायरॉइडचे जुने अहवाल मागितले. या दोन्हींच्या कमतरतेनेही विसरणं वाढतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. शाकाहारी घरात, त्यातही मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर, बी-१२ हमखास पाहावं.

परतताना रिक्षात मी काकूंना कालाबारच्या बीची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी विष लावतेय की काय त्यांना?" एका अर्थी हो, म्हटलं, पण मोजून. तेव्हा त्यांनी सहज म्हणून विचारलं, की जुनी पट्टी ओढून काढली तर काकांची कातडी सोलवटते, मग दोन दिवस ती तशीच ठेवून दुसरीकडे नवी लावली तर चालेल ना? नाही चालत. जुनी पट्टी राहून गेल्यामुळे मात्रा दुप्पट-तिप्पट होऊन माणसं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. आता त्यांच्या फ्रिजवर डब्याशेजारी एक कॅलेंडर आहे. सकाळी जुनी पट्टी निघाली की त्या तारखेवर फुली, नवी लागली की त्याच चौकोनात टिंब. जागा रोज बदलायची, म्हणून कडेला लिहिलेलं असतं: डावा खांदा, उजवा खांदा, पाठ.